लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंत

जालना जिल्ह्यातल्या जुन्या घरांत सुती लुगडं एकदम टाकून देत नसत. मधोमध विरलं की तेवढा भाग काढून उरलेले तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. दंडानेही भागेना, की त्याची गोधडी व्हायची, लहानग्याचं दुपटं व्हायचं. गोधडी झिजली की ती अंगावरून अंगाखाली जायची, तिथून पाय पुसायला दाराशी, मग फडकं, आणि अखेरीस शेणामातीने चूल नि जमीन सारवायचं पोतेरं. गोधडीच्या धावदोऱ्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो हा उतरता क्रम, कारण जवळजवळ हाच क्रम बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथात, विनयपिटकात, पायरीपायरीने नोंदलेला सापडतो.

विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागातली कथा अशी. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दिली. एवढ्या वस्त्रांचं हा भिक्खू करणार काय, असं राजाने विचारलं. आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरणं. त्यांची पुढे गादीची खोळ, खोळीचं जमिनीवरचं अंथरूण, त्याचं पायपुसणं, त्याचं धूळ झाडायचं फडकं. आणि ते फडकंही जीर्ण झालं की कुटून, चिखलात कालवून त्याने जमीन लिंपायची. राजाने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

हा क्रम संघाकडून आपल्या घरांत आला, असं कुणी म्हणेल, आणि त्याला जालन्यात आधारही मिळेल. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, उज्जैन-पैठण मार्गावरचं सातवाहनकालीन नगर. तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या शिलालेखांत आहेत. अजिंठा जवळच. तरीही माझं मत नेमकं उलट आहे: हे ज्ञान घरातून विहारात गेलं. कथेतल्या राजाला प्रश्न पडतो तो वाड्यात जुन्या कापडाचं काय होतं हे त्याला पाहावंच लागत नाही म्हणून. आनंदाचं उत्तर मात्र गरिबाच्या घरातल्या बाईने द्यावं तसं आहे. भिक्खू मुळात भटके, पावसाळ्यापुरते एका जागी राहणारे. लिंपायची जमीन, खोळ, पायपुसणं हा सगळा संसार घर करून राहणाऱ्यांचा. भोगवर्धनच्या घरांतलं सुती कापड दोन हजार वर्षं मातीत टिकणं कठीण, म्हणून उत्खननातून याचा निकाल लागेल अशी आशा मी धरत नाही. पण संघाने नियमांच्या पोथीत जे जपलं ते बायकांचं घरकामच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यावर मोठा आक्षेप असा की गरिबी जिथे आहे तिथे चिंध्या जोडल्याच जातात. बंगालचा कांथा आहे, जपानचं बोरो आहे, मग नातं कशाला जोडायचं? चिंध्या जोडणं सार्वत्रिक आहे, हे खरं. शेवटची पायरी मात्र सार्वत्रिक नाही. जपानात जुन्या कापडाच्या पट्ट्या फाडून पुन्हा मागावर विणल्या, त्याला साकिओरी म्हणतात. कापडाचा शेवट मातीत व्हायला वरचेवर सारवावी लागणारी जमीन हवी. विनयात कापड चिखलातच मिसळतं आणि आपल्याकडे ते सारवणारीच्या हातात राहतं, हा फरक मला मान्य आहे. पण लिंपणाला भेगा पडू नयेत म्हणून तंतू लागतात; आपल्या मातीत ते काम भुसा करतो, त्यामुळे चिंधी हातासाठी मोकळी राहिली असावी.

कापडाची ही शेवटची पायरी आता उरली नाही, म्हणून ‘जुन्या साड्यांपासून वस्तू बनवा’ हा आजचा सल्ला मला अपुरा वाटतो. घरातलं मोडकं लोखंड भंगारवाल्यामार्फत जालन्याच्या भट्ट्यांत जाऊन सळई होऊ शकतं, कारण लोखंड पुन्हा वितळतं. घरातली साडी मात्र पायऱ्याच उतरते. पॉलिस्टरच्या साडीची पिशवी होते, गोधडीही होते. पण ती पाणी शोषत नाही, म्हणून फडक्याच्या पायरीवर अडते, आणि मातीत गेली तरी कुजत नाही. खाली फरशी आल्याने पोतेऱ्याचं कामही उरलेलं नाही. सुती लुगड्याला ज्या पायऱ्या होत्या त्यांतल्या वरच्याच या साडीला मिळतात, आणि फडक्यापाशी ती कचरा होते.