रेसिडेन्सी आणि रीजन्सी

इंदूरच्या मराठी मंडळींच्या बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘पणजोबा रेसिडेन्सी कौन्सिलात होते’ असे घराण्याच्या आठवणींत कोणी लिहून जातो, आणि पणजोबांचा धनीच बदलतो. म्हणून हा घोळ आम्हांस निव्वळ उच्चाराचा वाटत नाही.

रेसिडेंट म्हणजे मुळात राहणारा. परक्या दरबारी आपल्या सरकारतर्फे मुक्काम करून असलेला. मराठेशाहीतील ‘वकील’ हा शब्द त्याच्या बराच जवळचा. रीजंट म्हणजे राज्य चालविणारा. राजा अज्ञान असताना त्याच्या नावाने कारभार पाहणारा. एक बाहेरचा, दुसरा घरचा. मराठीत दोघांनाही ‘राजप्रतिनिधी’ म्हटले की उरलासुरला भेदही जातो.

१८११ मध्ये यशवंतराव होळकर निवर्तले तेव्हा मल्हारराव दुसरे लहान होते. कारभार तुळसाबाईंच्या हाती आला. ही रीजन्सी होती, पण रेसिडेन्सी अद्याप नव्हती. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी तुळसाबाईंचा वध झाला. पाठोपाठ ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह होऊन होळकर दरबारी रेसिडेंट येण्याची वाट मोकळी झाली. राहावयास आलेला हा पाहुणा पुढे घरच्या कारभारात किती लक्ष घालू लागला, ते सर्वश्रुत आहे. १ जुलै १८५७ रोजी सआदत खान व त्यांचे साथीदार चालून गेले ते रेसिडेन्सीवर, राजवाड्यावर नव्हे. त्यांना हा भेद आपल्याहून चांगला कळत होता!

खरी गुंतागुंत १९०३ नंतरची. शिवाजीरावांनी गादी सोडली, तुकोजीराव तिसरे अज्ञान होते, म्हणून रीजन्सी कौन्सिल नेमले गेले. मात्र अखेरचा अधिकार रेसिडेंटकडे राहिला. दोन्ही संस्था एकाच वेळी, एकाच शहरात, आणि एक दुसरीच्या देखरेखीखाली! लोकांच्या तोंडी दोन्ही नावे एक झाली यात नवल नाही. तरी कौन्सिलाचा कारकून होळकर दरबाराचा नोकर होता, रेसिडेन्सीचा कारकून इंग्रज सरकारचा. १९११ मध्ये तुकोजीरावांस पूर्ण अधिकार मिळाले आणि ते कौन्सिल संपले. रेसिडेन्सी पुढेही राहिली.

तेव्हा घरच्या पेटीत १९०३ ते १९११ मधला नेमणुकीचा कागद सापडला, तर आधी तो कोणत्या कचेरीतून निघाला ते पाहावे, आणि मगच पणजोबांचे चरित्र लिहावे.