अमरकोशापासून आपट्यांच्या कोशापर्यंत

परीक्षेसाठी शब्द पाठ करणे ही विद्येची विटंबना होय, असे आपल्याकडे पुष्कळदा म्हटले जाते. श्रोत्यांपैकीही अनेकांचे मत तसेच असेल. इतिहास मात्र थोडे निराळे सांगतो.

जुन्या पाठशाळेत मुलाच्या शब्दसंग्रहाचा पाया अमरकोशाने घातला जाई. सुमारे दीड हजार श्लोक, आणि ते मुखोद्गत हवेत. स्वर्ग, काल, भूमी अशा वर्गांनी शब्द लावलेले. शब्दाचे लिंगही त्यातच कळे. शृंगार, वीर, करुण ही रसांची नावे मुलाला नाट्यवर्गात भेटत, काव्य हाती येण्याच्या कितीतरी आधी. शब्द शोधायचा नसे, आठवायचा असे. व्यवस्था मोठी नामी होती. पण तिचा लाभ मुख्यतः परंपरेने शास्त्राध्ययन करणाऱ्या घरांनाच होई, हेही विसरता येत नाही.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. कॉलेजात शिरण्याचा दरवाजा तो हाच. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्याच वर्षीचे. पुढे अभ्यासक्रमात संस्कृतचे महत्त्व वाढले, तेव्हा खरी अडचण उभी राहिली. गणित, इतिहास आणि इंग्रजी सांभाळणाऱ्या मुलाजवळ पाठशाळेइतकी सवड कोठली? भांडारकरांनी १८६४ मध्ये ‘मार्गोपदेशिका’ आणि १८६८ मध्ये तिचा दुसरा भाग सिद्ध केला, तो अशा मुलांसाठी. धड्यागणिक बेताचे शब्द आणि त्यांवर वाक्ये. कोठार उघडून देण्याऐवजी शेराने मापून द्यावे, तसा हा प्रकार. पंडितांना तो रुचला नसेल; पण ज्यांच्या घरी पोथी नव्हती त्यांना तो उपयोगी पडला.

वामन शिवराम आपटे यांनी हे काम शेवटास नेले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणारा आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजचा पहिला प्राचार्य झालेला हा माणूस विद्यार्थ्यांना जवळून ओळखत होता. १८९० मध्ये निघालेल्या त्यांच्या कोशात शब्द अकारविल्हे आले. शिवाय अलंकारांच्या व्याख्या आल्या, आणि परिशिष्टात वृत्तेही. पाठांतराच्या जागी शोधणे आले. पुढे दोनच वर्षांनी, १८९२ मध्ये, आपटे वारले. वयाची पस्तिशीही त्यांनी पाहिली नाही.

यात एक विसंगती मात्र मला नेहमी खटकते. हा कोश संस्कृत-इंग्रजी. ज्या मुलाने कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या ऐकल्या, ज्याच्या आजीच्या ओव्यांत उपमा पावलोपावली होत्या, तो उत्प्रेक्षेची व्याख्या इंग्रजीतून शिकू लागला! संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मॅट्रिकमध्ये जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती होती. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. मराठीला एम. ए.च्या परीक्षेत शिरकाव मिळायलाही विसावे शतक उजाडावे लागले, आणि तेही रानड्यांनी सतत खटपट केल्यावर.

असो. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाची मॅट्रिक गेली आणि तिची जागा शालान्त परीक्षेने घेतली. आपट्यांच्या कोशाची वाढवलेली आवृत्ती त्यानंतर, १९५७ ते १९५९ या काळात, पुण्यातून निघाली. संपादक प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे. मूळच्या एका खंडाचे तिच्यात तीन खंड झाले आहेत.