आवळा, शिसे आणि गुणसूत्रे

धातूंमुळे पेशीतल्या डीएनएला आणि गुणसूत्रांना होणारी हानी वनस्पतींच्या अर्कांनी रोखता येते का, या विषयाकडे माणसे दोन वाटांनी येतात. काहींच्या हाती एखाद्या फळाचा किंवा पानाचा अर्क असतो आणि तो कशावर चालतो, हे त्यांना पाहायचे असते. काहींनी दूषित पाणी पिणाऱ्यांचे रक्त तपासलेले असते आणि त्यावर उतारा हवा असतो. दोघांचेही स्वागत. पहिल्यांना धातूंची आणि दुसऱ्यांना वनस्पतींची नीट ओळख करून घ्यावी लागेल, इतकेच.

शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम यांना ‘जड धातू’ म्हणून एका दावणीला बांधायची आपली सवय आहे. (आर्सेनिक तर काटेकोरपणे धातूही नव्हे.) पेशीतले त्यांचे उद्योग मात्र निरनिराळे. कॅडमियम डीएनएला थेट फारसे छेडत नाही. ते पेशीचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन अडवते आणि डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिने निकामी करते. आर्सेनिकही दुरुस्तीच्याच मुळावर उठते. षट्संयुजी क्रोमियमचा क्रोमेट आयन सल्फेटसारखा दिसतो, म्हणून सल्फेटच्याच दाराने आत शिरतो.

ही हानी मोजायला बहुधा माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घेतात. एरवी त्या विभाजित होत नाहीत. राजम्यातून मिळणाऱ्या फायटोहिमॅग्लुटिनिनने त्या विभाजित होऊ लागतात, हे पीटर नोवेल यांनी 1960 साली दाखवले. म्हणजे वनस्पती या प्रयोगात अर्काच्या आधीपासूनच हजर आहे! मग गुणसूत्रांचे तुकडे आणि सूक्ष्मकेंद्रके मोजायची, किंवा कॉमेट चाचणीत तुटलेल्या डीएनएचे शेपूट किती लांबले ते पाहायचे.

भारतात या कामाची एक भक्कम परंपरा कोलकात्यात आहे. पुण्यात जन्मलेल्या अर्चना शर्मा यांनी तिथे गुणसूत्रांच्या अभ्यासात आयुष्य घालवले. 1990च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आवळ्याचा अर्क देऊन शिसे आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे अस्थिमज्जेतल्या गुणसूत्रांना होणारी हानी तपासली. तेवढ्याच प्रमाणातल्या कृत्रिम क जीवनसत्त्वापेक्षा अर्क सरस ठरला. फळाचे काम एका रेणूच्या नावावर जमा करता येत नाही, हे मला त्या प्रयोगांचे खरे देणे वाटते. पण उंदीर तो उंदीर. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्या माणसांना कुरक्युमिन, मिऱ्यातल्या पायपेरिनसह, तीन महिने देऊन त्यांच्या लिम्फोसाइटमधली डीएनएची हानी कमी झाल्याचे 2010 साली प्रसिद्ध झाले. माणसांवर केलेली अशी कामे अजून थोडीच आहेत.

आता क्रोमियमपाशी जरा थांबू, कारण इथेच बहुतेकांची गाडी घसरते. क जीवनसत्त्व षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम करते. हे पेशीबाहेर घडले तर फायदाच, कारण त्रिसंयुजी रूप आत जवळजवळ शिरत नाही. तेच पेशीच्या आत घडले तर नुकताच तयार झालेला क्रोमियम डीएनएला चिकटतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत सहसा हे जीवनसत्त्व नसल्यातच जमा असते; ते नैसर्गिक पातळीवर आणले की क्रोमियममुळे होणारी गुणसूत्रांची मोडतोड वाढलेली दिसते. रक्षक कोण आणि भक्षक कोण, हे रेणूच्या नावावरून नव्हे, पेशीच्या पटलाच्या कुठल्या बाजूला तो आहे यावरून ठरते.

म्हणून शोधनिबंध वाचताना आधी वेळापत्रक पाहा. अर्क आणि धातू एकाच वेळी बशीत घातले असतील, तर अर्काने पेशी सावरली की बाहेरच धातूला धरून ठेवले, हे कळायला मार्ग नाही. अर्क धातूच्या आधी, सोबत आणि नंतर असा तिन्ही प्रकारे दिला असेल तर तो निबंध सावकाश वाचावा. मग मात्रा पाहा. कुरक्युमिन किंवा चहातली कॅटेचिने तांब्याच्या सान्निध्यात स्वतःच डीएनए तोडू शकतात. तेव्हा नुसता अर्क दिलेल्या पेशींचा रकाना तक्त्यात आहे ना, तेही तपासावे.