शस्त्रविक्री, खाजगी
परवानाधारकाने स्वतःचे अग्निशस्त्र व्यापाऱ्याच्या मध्यस्थीवाचून दुसऱ्या व्यक्तीस विकणे. भारतात १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्रे बाळगण्यास व विकण्यास परवाना आवश्यक ठरविला. यूरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. या भेदभावामुळे तो अप्रिय ठरला व १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्यात बदल सुचविला. पुढे त्याची जागा १९५९ च्या अधिनियमाने घेतली. तो १९६२ पासून अंमलात आला.

खाजगी विक्रीस या अधिनियमाने वाव ठेवला आहे. तथापि १९८३ च्या दुरुस्तीनुसार विक्रेत्याने ग्राहकाचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात दंडाधिकाऱ्याचे हे अधिकार आयुक्तांकडे असतात. त्यामुळे मुंबईच्या उपनगरांतील नाहूरसारख्या ठिकाणच्या विक्रेत्याचा संबंध मुंबईच्या पोलीस आयुक्तांशी येतो. ग्राहक शस्त्र बाळगण्यास स्वतः पात्र असावा लागतो. विक्रेत्याचा परवाना शस्त्राबरोबर हस्तांतरित होत नाही. म्हणून आंतरजालावरील लिलावात बोली ठरली, तरी तेवढ्याने विक्री वैध होत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने सामान्य व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांसही ही मर्यादा लागू असल्याने अनेक कुटुंबांपुढे पिढीजात बंदुकीच्या विल्हेवाटीचा प्रश्न उभा राहिला.