लोफोटेनच्या मच्छीमार कुटुंबांतील आहार

लोफोटेन हा उत्तर नॉर्वेमधील, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे वसलेला द्वीपसमूह आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून येथे अंडी घालण्यास येणाऱ्या कॉड माशावर (स्थानिक नाव 'स्क्रेइ') घरोघरची चूल अवलंबून असे.

'मोल्ये' हा हंगामातील मुख्य पदार्थ होय. त्यात उकडलेला मासा, त्याचे यकृत व गाभोळी एकत्र वाढतात. सोबत बटाटे असतात. जेथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, तेथे यकृतातील ड जीवनसत्त्व मुलांना मुडदुसापासून वाचवी. उरलेले मासे जोडीने शेपटीशी बांधून, मीठ न लावता, लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात सुकवतात. माशांच्या जिभा कापण्याचे काम मुलांचे. त्याचे पैसेही आजवर त्यांनाच मिळतात.

उत्तर किनाऱ्यावरील इतर गावांचे पुरुष हंगामापुरते येऊन 'रोर्बू' नावाच्या झोपड्यांत राहत. त्यांच्या शिदोरीची पेटी पातळ भाकऱ्या व लोणी यांनी स्त्रियाच भरून देत. इतिहासलेखनात नाविकांच्या तुलनेने या स्त्रिया उपेक्षितच राहिल्या. वास्तविक पुरुषांच्या पश्चात गुरे, मेंढ्या, मुले व वृद्ध यांचा सर्व भार त्याच वाहत.