मुंबई बंदरातली दोन लोखंडी जहाजं

कल्याण-डोंबिवलीत आरमाराचा विषय निघाला, की आपली गाडी एकाच स्टेशनात थांबते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीकाठी जहाजबांधणी सुरू झाली. हे खरंच आहे, आणि अभिमानाचंही आहे. पण आज मला पुढच्या एका स्टेशनात उतरायचंय. ठाण्याची खाडी जिथे उघडते त्या मुंबई बंदरात, १८७० नंतर तीसेक वर्षं दोन चिलखती युद्धनौका उभ्या होत्या. त्यांची नावं मॅग्डाला आणि अ‍ॅबिसिनिया. आपल्यापैकी किती जणांनी ही नावं ऐकली आहेत? ...बरं, दोन हात वर आले.

नावं परकी वाटतात, पण त्यांचा उगम मुंबईतच आहे. १८६७-६८ मध्ये रॉबर्ट नेपियर मुंबईच्या फौजा घेऊन इथिओपियावर गेला आणि मॅग्डालाचा डोंगरी किल्ला त्याने घेतला. त्या विजयाची नावं या जहाजांना मिळाली. रक्षण मुंबईचं, आठवण आफ्रिकेतल्या स्वारीची.

आता रचना बघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची क्रूझर म्हणजे लांब जाणारं, वेगाने पळणारं, पोटात भरपूर कोळसा घेतलेलं जहाज. मॅग्डाला याच्या बरोबर उलट. लांबी २२५ फूट, वजन तीन हजार टनांच्या वर, वेग ताशी दहा सागरी मैलांच्या आसपास. डेक पाण्याच्या जेमतेम वर, म्हणजे शत्रूला नेम धरायला अंगच नाही. मध्यभागी चिलखती भिंतीची एक बुटकी गढी, आणि तिच्या दोन टोकांना दोन फिरते बुरूज. प्रत्येक बुरुजात दहा इंची तोंडाच्या दोन तोफा. एकेक तोफ १८ टनांची, गोळा सुमारे ४०० पौंडांचा, म्हणजे १८० किलोचा. आणि गंमत अशी, की एवढी अवाढव्य तोफसुद्धा ठासणीचीच! दारू आणि गोळा तोंडाकडून सारायचा.

बुरूज फिरतो म्हणून जहाज वळवावं लागत नाही. डोलकाठ्या नाहीत म्हणून माऱ्याच्या आड काही येत नाही. पण याच कारणाने हे जहाज भर समुद्रात गैरसोयीचं. लंडनहून मुंबईला येताना मॅग्डालावर तात्पुरत्या डोलकाठ्या उभाराव्या लागल्या होत्या. आपली गुराब आठवा. तीही उथळ पाण्यासाठी, तिच्याही जड तोफा नाळेवरून समोर रोखलेल्या. जहाज कुठल्या पाण्यात लढणार, यावर त्याचं अंग ठरतं, हे कोकणातल्या सुताराला सांगावं लागत नव्हतं.

माझा खरा मुद्दा मात्र वेगळा आहे. मॅग्डालाच्या चिलखताची जाडी सहा ते दहा इंच होती, आणि त्या लोखंडामागे नऊ-दहा इंच सागवानाचा थर. गोळा आदळला की हादरा पचवायला. आता हे बघा: मुंबई गोदीत वाडिया कुटुंबाने याच सागवानाची अख्खी जहाजं बांधली. १८१७ ची ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. १८४८ मध्ये मियानी नावाची मोठी युद्धनौका इथून पाण्यात उतरली. आणि जेमतेम बावीस वर्षांनी मुंबईच्याच बंदरासाठीची जहाजं टेम्सच्या काठावर बांधली गेली. मॅग्डाला थेम्स आयर्नवर्क्सने, अ‍ॅबिसिनिया डजनच्या कारखान्याने. सागवान तेच, पण तो आता लोखंडामागचा गादीसारखा थर झाला. जहाज बांधणारं बंदर गिऱ्हाईक झालं.

कारागीर विसरले का? मुळीच नाही. चिलखती पत्रे लाटणारी गिरणी हिंदुस्थानात नव्हती; टाटांची पोलाद कंपनीसुद्धा १९०७ ची. अशी गिरणी इथे व्हावी, ही राज्यकर्त्यांना निकड वाटली नाही, असं माझं मत आहे. मॅग्डालावर लाखाहून जास्त पौंड गेले. हात आखडता घेतला म्हणून अ‍ॅबिसिनिया लहान केली. पण तो पैसा गेला टेम्सकाठीच.

या जहाजांनी लढाईत एकही गोळा झाडला नाही. १८९२ मध्ये ठासणीच्या तोफा काढून मागून भरायच्या आठ इंची तोफा बसवल्या, पण तोवर क्रूझर त्यांच्या दुपटीच्या आसपास वेगाने पळत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही भंगारात विकली गेली.

मॅग्डालाची एक बहीण मात्र आहे. त्याच आराखड्याची सर्बेरस ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रक्षणासाठी गेली. १९२६ मध्ये तिथल्या हाफ मून बेमध्ये लाटा अडवायला तिला बुडवलं. तिचं गंजलेलं धूड अजून तिथेच आहे, आणि वर दोन बुरूज दिसतात. मुंबईच्या बंदरात काय उभं होतं ते बघायचं असेल, तर मंडळी, आपल्याला मेलबर्नचं तिकीट काढावं लागेल.