कोलकात्यातील ठिणगी आणि टेराहर्ट्झची दरी

बजबजहून निघालेली लोकल सियालदहला पोहोचते. तेथून कॉलेज स्ट्रीटवरील प्रेसिडेन्सी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. भारतातील टेराहर्ट्झ संशोधनाचा पूर्वेतिहास सांगायचा, तर प्रारंभ याच वास्तूपासून करावा लागतो.

१८९४ ते १८९६ या काळात जगदीशचंद्र बोस यांनी येथे विद्युत ठिणगीतून काही मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण केले. त्यांची वारंवारता ६० गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचली होती. हर्ट्झ यांच्या प्रयोगांतील तरंग याहून शंभराहून अधिक पटींनी लांब होते. आखूड तरंगांमुळे सारी उपकरणे टेबलावर मावली आणि परावर्तन, अपवर्तन व ध्रुवण प्रकाशाप्रमाणेच तपासता आले. तरंग टिपण्यासाठी बोस यांनी पुढे गॅलेना हा शिशाच्या सल्फाइडचा स्फटिक वापरला. त्यासाठी १९०४ साली मिळालेले अमेरिकी पेटंट अर्धवाहक उपकरणांच्या आद्य पेटंटांपैकी एक होय.

पुढे मात्र हा धागा तुटला. बोस वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. दूरसंदेशासाठी जगाला लांब तरंगच हवे होते. रेडिओलहरी आणि अवरक्त किरण यांच्यामधील, साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झचा पट्टा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. त्याला कारणही होते. इतक्या वेगाने आंदोलित होणे इलेक्ट्रॉनिक मंडलांना कठीण जाते. लेसरची अडचण वेगळी: १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर खोलीच्या तापमानातील उष्णतेची सुमारे २६. एवढी लहान ऊर्जापायरी उष्णतेत पुसून जाते.

येथे अर्धवाहक पुन्हा पुढे येतो, या वेळी स्रोत म्हणून. दोन आरशांमधील सूक्ष्मपोकळीत प्रकाश आणि एक्सायटॉन घट्ट जोडले जाऊन ‘पोलॅरिटॉन’ बनतात, हे १९९२ साली प्रयोगाने दिसले. त्यांच्या वरच्या व खालच्या ऊर्जापातळ्यांतील अंतर नेमके काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे असते. वरून खाली उडी घेताना टेराहर्ट्झ फोटॉन बाहेर पडावा. परंतु सममितीचा नियम ही उडी रोखतो. विद्युत क्षेत्राने वरच्या पातळीत वेगळ्या सममितीची अवस्था मिसळली, तर ती शक्य होते, असा सैद्धान्तिक प्रस्ताव २०१० साली मांडला गेला. खालच्या पातळीत पोलॅरिटॉनची गर्दी जितकी अधिक, तितकी ही उडी वेगवान होते, हे त्याचे मर्म.

बोस यांच्या प्रयोगांचा गौरव आयईईई या संस्थेने २०१२ साली केला. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह काही भारतीय प्रयोगशाळांत टेराहर्ट्झवर काम चालते. शतकापूर्वी आपण आघाडीवर होतो, हे अभिमानाने सांगताना एक गोष्ट विसरू नये: त्या कामाला तेव्हा उत्तराधिकारी लाभले नाहीत. आता ते घडवणे आपल्या हाती आहे.